नववी ‘ड’ला भूतकाळ शिकवताना

जीनत मुजावरला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे वर्गातल्या पोरांना पहिल्याच तासाला कळतं. ती स्वतःच सांगते. "या बाजूनं बोललात तर मला काही कळणार नाही. समोर या, नाहीतर उजवीकडं उभं राहा." कान कसा गेला, ते मात्र ती कधी सांगत नाही.

कवठे महांकाळच्या बाजारपेठेमागच्या बोळात तिच्या वडलांचं, निजामभाईंचं, गाद्यांचं दुकान होतं. जीनत सहावीत असताना इंग्रजीच्या सरांनी तिला फळ्यापुढे उभं करून बुधवारचं स्पेलिंग विचारलं. तिने मधला ‘डी’ गाळला. सर म्हणाले, पुन्हा सांग. तिने पुन्हा तसंच सांगितलं. मग सरांचा हात असा आला की ती फळ्यावर आदळून खाली पडली. कानातून काहीतरी गरम मानेवर ओघळलं. सरांचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द एकाच बाजूने येत होते. "ऊठ, नाटकं करू नको," एवढं तिला ऐकू आलं. ती उठली आणि पुन्हा चुकीचंच स्पेलिंग सांगितलं, कारण बरोबर काय ते तिला अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

निजामभाई म्हणजे मऊ स्वभावाचा माणूस. गिऱ्हाइकाने आवाज चढवला तर हा खाली बघायचा. त्यांनी पोरीची मान ओल्या फडक्याने पुसली आणि विचारलं, "दुखताय क्या?" तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले, वर्गात शिरले आणि सगळ्या पोरांसमोर सरांच्या थोबाडीत दिली. एकच. मग परत येऊन दुकान उघडून बसले.

संध्याकाळी सरांचे भाऊ आले. त्यांनी निजामभाईंना बाहेर ओढलं आणि कापूस झोडायच्या त्यांच्याच काठीने त्यांना झोडलं. जीनत कापसाच्या ढिगामागे बसून बघत होती. काठी मोडली तेव्हा एकाने गादीची मोठी सुई उचलली, पण दुसऱ्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. गल्लीतली माणसं दारात उभी होती. निजामभाईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही आणि पुढे त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. सरांची बदली झाली. दोन्हीकडचं मिटलं, असं लोक म्हणाले. जीनतला काय मिटलं ते समजलं नाही.

कानासाठी तिला मिरजेला न्यावं लागायचं. एसटीने जायचं आणि दवाखान्याच्या लांबच लांब व्हरांड्यात बसून राहायचं. तिथे सगळ्या पाट्या तीन लिप्यांत होत्या: वर मराठी, मध्ये कानडी, खाली इंग्रजी. बसून बसून कंटाळलेली पोर मराठीवरून इंग्रजी जुळवायला लागली. कानाचे डॉक्टर ज्या वारी बसायचे त्याची पाटी तिच्या बाकासमोरच होती, आणि तो वार बुधवार होता. मधल्या ‘डी’कडे ती कितीतरी वेळ बघत बसली. त्या अक्षराला आवाजच नव्हता. असून नसल्यासारखं ते मध्ये उभं होतं. हे एवढं कोणी आधी सांगितलं असतं तर, असं तिच्या मनात आलं. कानाचा पडदा पुढे जुळला नाही, पण इंग्रजी तिला त्या व्हरांड्यात आलं.

सांगलीला शिकून, बी.एड. करून ती मास्तरीण झाली आणि लग्न होऊन इस्लामपूरला आली. तिथून जवळच्याच एका कारखान्याच्या गावात, हायस्कूलमध्ये तिला नोकरी लागली. गेली काही वर्षं तिच्याकडे नववी ‘ड’ आहे. तिथल्या शिक्षकांच्या खोलीत ‘ड’ म्हणजे ‘ढ’ असा विनोद चालतो. ‘अ’मध्ये हुशार, ‘ब’मध्ये बरे, ‘क’मध्ये बेताचे, आणि ज्यांचं कुठेच काही जमत नाही ते सगळे ‘ड’मध्ये. या तुकडीला इंग्रजी शिकवायला कोणी राजी नसायचं. जीनतने ती मागून घेतली.

पर्यवेक्षक धनाजी सर तेव्हा तिला म्हणाले होते, "मॅडम, ह्या पोरांना येगळं टाचण लागत न्हाई. ह्यो पुरतो." त्यांच्या हातात ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा होता. छडी कायद्याने बंद झाल्यापासून सरांनी छडी सोडली होती. नळीबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नाही, असं ते हसत म्हणायचे. माणूस तसा वाईट नव्हता. गरीब पोरांची परीक्षा फी स्वतःच्या खिशातून भरायचे, आणि त्याच पोरांच्या पिंढऱ्यांवर वळ उठवायचे.

जीनत मात्र टाचण काढायची. पहाटे, घरात कोणी उठायच्या आत, चहाचा कप घेऊन ती उद्याच्या पाठाची आखणी करायची. सुरुवातीचे आठवडे तिने काही शिकवलंच नाही. कोण कुठे अडतंय तेवढंच शोधत राहिली. काहींना ‘बी’ आणि ‘डी’ एकच दिसायचे. काही जण धडा घडाघडा वाचायचे आणि एका शब्दाचा अर्थ सांगू शकायचे नाहीत. अंकिता नावाची एक मुलगी जत तालुक्यातून आईबरोबर वीटभट्टीवर आली होती. घरी ती कानडी बोलायची. तिला मराठीच दुसरी भाषा होती आणि इंग्रजी तिसरी. अशा वर्गाला एकच धडा एकाच तऱ्हेने शिकवणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल घालण्यासारखं होतं. म्हणून जीनत एकाच पाठाच्या तीन वाटा करायची. लिहिता येणाऱ्यांनी वाक्य लिहायचं, अर्धवट येणाऱ्यांनी गाळलेला शब्द भरायचा, आणि काहीच न येणाऱ्यांनी ते करून दाखवायचं. ‘पुश’ म्हटलं की ढकलायचं, ‘पुल’ म्हटलं की ओढायचं.

हा वर्ग मारामारीत पटाईत होता. मधल्या सुट्टीत रोज कुणाचं तरी डोकं फुटायचं. एकदा एका पोराने दुसऱ्याच्या मांडीत कर्कटक खुपसलं. जीनतने जखम धुतली, पट्टी बांधली आणि दोघांना फळ्यापुढे उभं करून सांगितलं, काय झालं ते इंग्रजीत सांगा. मी शब्द देते. कोणी आधी ढकललं, कोणी लाथ मारली, कोण चावलं. वर्ग असा सरसावून बसला की तिला आश्चर्य वाटलं. पुश, किक, बाइट, हिट. जी पोरं तोंड उघडत नव्हती तीही ओरडून क्रियापदं सांगायला लागली. गलका ऐकून धनाजी सर नळी घेऊन आले आणि काही न विचारता पहिल्या रांगेच्या पाठीवरून नळी फिरवली.

"सर, माझ्या तासाला नको," जीनत म्हणाली.

"तुमच्या तासाला म्हणूनच," सर म्हणाले. "तुमचं न्हाई ऐकत, म्हणून आमाला यावं लागतं."

त्यानंतर ती दाराला आतून कडी घालून शिकवायला लागली.

या वर्गात शंभूराज साळुंखे होता. उंचापुरा, शांत, हाताने कुठलंही यंत्र उघडून पुन्हा जोडणारा. अक्षरं मात्र त्याच्यापुढे जागा सोडून पळायची. त्याचे वडील लालासाहेब फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले होते. ऊस चांगला होता, घर बांधलं होतं, आणि पोरगं साहेब होऊनच फौजेत गेलं पाहिजे, शिपाई म्हणून नव्हे, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. इंग्रजी येत नव्हतं म्हणून आपण कुठे कुठे अडलो ते त्यांना पाठ होतं. शंभूचा अभ्यास ते स्वतः घ्यायचे आणि अभ्यास घेताना कमरेचा पट्टा काढून मांडीवर ठेवायचे. एकदा तासाला शंभू बाकाला पाठ टेकवत नव्हता. जीनतने सदरा वर करायला लावला. पाठीवर पट्ट्याच्या बक्कलाचे चौकोन उमटले होते, काही निळे, काही पिवळे पडलेले.

ती लालासाहेबांच्या घरी गेली. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, मान ठेवून बोलले.

"मॅडम, मलाबी बानं असंच घडवलंय. पलटणीत उस्तादनं घडवलंय. मारल्याशिवाय लोखंडाला आकार येत न्हाई."

"त्याला अक्षरं उलटी दिसतात, सुभेदारसाहेब. त्याला मारून ती सुलट होणार नाहीत."

"तुमी तुमच्या परीनं करा," ते म्हणाले. "आमी आमच्या परीनं करतो."

ती परत आली. तिने शंभूसाठी वेगळं टाचण काढलं. ‘बी’ आणि ‘डी’ पत्र्याचे कापून आणले, हाताने चाचपून ओळखायचे. त्याला ते जमायला लागलं. दिवाळीच्या आधी त्याने एक आख्खं वाक्य कोणाच्या मदतीशिवाय वाचलं आणि आपणच दचकला.

पण घटक चाचणीचा पेपर सगळ्या तुकड्यांना एकच असतो. त्यात शंभूला वीसपैकी चार मिळाले. ते चारही त्याचे स्वतःचे होते, कोणाचं बघून लिहिलेले नव्हते, हे जीनतला माहीत होतं. लालासाहेबांना फक्त आकडा कळला.

ते भर तासाला आले. त्या दिवशी उकाडा होता म्हणून जीनतने दार उघडं ठेवलं होतं. ते विचारून आत आले नाहीत. सरळ शंभूच्या बाकापाशी गेले, त्याला केसांना धरून दोन बाकांच्या मधल्या जागेत ओढलं आणि पट्टा काढला. पहिला फटका शंभूच्या मानेवर बसला. तो ओरडला नाही. खाली बसला आणि त्याने डोकं दोन्ही हातांत घेतलं, जसं घरी घेत असणार. फटके पडत राहिले. प्रत्येक फटक्याबरोबर लालासाहेब एक एक शब्द बोलत होते. "चार. मार्क. फौजीचं. पोर."

जीनत मध्ये गेली. तिने त्यांचा दंड धरला, त्यांनी झटका दिला आणि पट्टा उलटा फिरून बक्कल तिच्या भुवईवर लागलं. डोळ्यात रक्त उतरलं. ती बाकाला धरून उभी राहिली. 

पुढचं तिला तुकड्यातुकड्याने आठवतं. अंकिताने स्टीलची पाण्याची बाटली फेकली आणि ती लालासाहेबांच्या कानशिलावर आदळली. ते वळले. मग वर्ग उठला. मागच्या रांगेतले बाकांवरून धावत आले. कोणी कंपासपेटी मारली, कोणी दप्तर, कोणी बाकाची निखळलेली फळी. चांगला धिप्पाड माणूस गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. तो आडवा झाला तशी पोरं थांबायच्या ऐवजी आणखी चेकाळली. ज्यांना आयुष्यभर मार बसला होता त्यांना खाली पडलेला एक बाप सापडला होता. कोणी तोंडावर टाच मारत होतं. कोणी रडत रडत मारत होतं. हाड मोडल्याचा आवाज जीनतने तिच्या एका चांगल्या कानाने स्पष्ट ऐकला.

ती ओरडत होती. मराठीत ओरडली, इंग्रजीत ओरडली, नावं घेऊन ओरडली. कोणी ऐकलं नाही. तेवढ्यात शंभू त्या गर्दीत घुसला आणि बापाच्या अंगावर पालथा पडला. आता लाथा त्याच्या पाठीवर बसायला लागल्या, त्याच जुन्या वळांवर. कोणाच्या अंगावर मारतोय हे मारणाऱ्यांना समजतच नव्हतं. अंकिता शंभूच्या बरगडीत लाथ घालत होती.

जीनतने अंकिताला खांद्याला धरून फिरवलं आणि पूर्ण ताकदीने तिच्या कानफटात मारली.

अंकिता बाकावर आदळून खाली पडली. त्या आवाजाने वर्ग थांबला. मुजावर मॅडम मारत नाहीत, हे त्या वर्गाला जगातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा पक्कं माहीत होतं. अंकिता कान धरून वर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. जीनत आपल्या हाताकडे बघत राहिली. तळहात झिणझिणत होता.

धनाजी सर धावत आले. त्यांनी वर्ग पाहिला आणि नळी खाली टाकली. लालासाहेबांना उचलून जीपमध्ये घातलं ते त्यांनीच.

त्याच दुपारी भुवईला टाके घालून घेतल्यावर जीनत अंकिताला मिरजेला घेऊन गेली. बरोबर तिची आई साळूबाई होती, हातापायांना विटांचा गेरूसारखा रंग लागलेला. गाडीत साळूबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आवं मॅडम, मारलं तर मारलं. पोरगी चुकली आसंल. एवढं कशाला त्याचं?"

"चुकली असली तरी," जीनत म्हणाली. 

डॉक्टरांनी तपासलं. पडदा शाबूत होता, सूज होती, ती उतरणार होती. जीनत बाहेरच्या बाकावर बसली आणि तिला हुंदका आवरेना. अंकिता शेजारी येऊन बसली, मग काहीतरी आठवल्यासारखं उठून उजव्या बाजूला बसली. "मॅडम, मला ऐकू येतंय," ती म्हणाली. "तुमी रडताय ते पण ऐकू येतंय."

लालासाहेबांचा जबडा मोडला होता, एक डोळा मिटला होता आणि दोन बोटं वाकडी झाली होती. हवालदार जबाब घ्यायला गेले तर त्यांनी पाटीवर लिहून दिलं, जिन्यावरून पडलो. हवालदाराने शाळेत एक चक्कर मारली आणि कागद मिटला. जीनत त्यांना भेटायला गेली तेव्हा जबडा तारेने बांधलेला होता. ते दातांतून, तुटक बोलायचे.

"चाळीस पोरांनी लोळवलं म्हणून सांगू व्हय? पलटणीतल्या माणसांना काय त्वांड दावू?"

"सांगायचं तर सांगा. मी खोटं बोलणार नाही."

 मग ते म्हणाले, "एक जण माझ्या अंगावर चढला हुता. लय वजनाचा. त्येला मी कोपर मारलं. त्वांडावर बसलं. तेवढा एकच दणका माझा बसला."

"तो शंभू होता," जीनत म्हणाली.

त्यांचा उघडा डोळा तिच्याकडे वळला.

"तो तुमच्यावर आडवा पडला होता. मार त्याला बसावा म्हणून. दात पडलाय त्याचा. बरगडीला चीर आहे."

लालासाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं. तारेने बांधलेल्या तोंडाने माणसाला धड रडताही येत नाही. नर्स येऊन जीनतला म्हणाली, आता तुम्ही जा.

शाळेच्या कमिटीची बैठक झाली. पोरांना मार दिला नाही म्हणून ती मोकाट सुटली, असं एका सदस्याचं म्हणणं पडलं. जीनतने उठून सांगितलं की त्या दिवशी मीही एका मुलीला मारलंय आणि ते लिहून घ्या. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, मी ते ऐकलेलं नाही." लिहून घेतलं कोणी नाही.

सोमवारी तिला त्याच वर्गावर जायचं होतं. रविवारभर ती टाचण काढत बसली. फरशी धुतलेली असणार, मोडका बाक हलवलेला असणार, आणि धडा होता साधा भूतकाळ. बाकीच्या तुकड्यांना ती सहलीचं वर्णन देणार होती. या वर्गाला सहलीचं वर्णन द्यायचं तिच्या जिवावर आलं. ती विचार करत होती की गेल्या काही दिवसांत सगळे कसं बोलतायत. राडा झाला. सुभेदारांना मार बसला. शंभूला लागलं. दात पडला. मराठीत सगळं आपोआप होतं. करणारा माणूस वाक्यातून निघून जातो आणि कोणाला त्याची उणीव भासत नाही. तिच्या वडलांचं हाडसुद्धा असंच मोडलं होतं, कोणी मोडलं नव्हतं.

सोमवारी तिने दार लावलं आणि फळ्यावर इंग्रजीत पहिलं वाक्य स्वतःचं लिहिलं. आय स्लॅप्ड अंकिता. मग खडू खाली ठेवून मराठीत अर्थ सांगितला. मी अंकिताला थोबाडीत मारली. "इंग्रजीत हे वाक्य ‘मी’शिवाय उभंच राहत नाही," ती म्हणाली. "आधी कोणी, मग काय केलं. आज सगळ्यांनी एकच वाक्य करायचं. त्या दिवशी मी काय केलं. ज्याला लिहिता येत नाही त्याने फक्त ‘आय’ लिहा, पुढचा शब्द मी देते. ज्याने काही केलं नाही त्याने तेही लिहा."

 मग अंकिता उठली आणि फळ्यावर वाकड्या अक्षरांत तिने लिहिलं, आय किक शंभूराज. जीनतने तिचा हात धरून ‘किक’ला भूतकाळ लावून दिला. एक पोरगा म्हणाला, मॅडम, ‘हिट’ला काय लावायचं? "काही नाही," ती म्हणाली. "‘हिट’ बदलत नाही. काल मारलं तरी हिट, आज मारलं तरी हिट." वर्गात कोणी हसलं नाही. एकेक जण येत गेला. फळा भरला. आय हिट, आय हिट, आय हिट. एकाने लिहिलं, आय सॉ. मी बघितलं. तो तेवढंच लिहून जागेवर जाऊन डोकं टेकून बसला.

दारावर थाप पडली. धनाजी सर आत आले आणि त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी डस्टर उचललं आणि सगळं पुसून टाकलं.

"ह्यो फळा उद्या पुरावा व्हईल, मॅडम," दारात थांबून ते हळू आवाजात म्हणाले. "पोरांची आयुष्यं हायत."

त्यांचं बरोबर होतं. जीनतला ते पटलं आणि तरी फळा कोरा झाल्याचं तिला वाईट वाटलं. त्या वर्गात त्यानंतर मारामाऱ्या थांबल्या असं नाही. पण फुटलेलं डोकं घेऊन येणाऱ्याला आता ती विचारायची तेव्हा उत्तर येताना आधी नाव यायचं, बहुतेक वेळा स्वतःचंच.

शंभू दिवाळीनंतर शाळेत आला. पुढचा दात नव्हता, त्यामुळे ‘एफ’ म्हणताना हवा निसटायची. पोरं त्याला जागा करून द्यायची आणि त्याच्याकडे बघायची नाहीत. त्याचा तो पाठ बुडाला होता, म्हणून जीनतने त्याला एकट्याला बसवून तेच सांगितलं. तुझं वाक्य कर. तो पुष्कळ वेळ कागदावर वाकून होता. ‘बी’ आणि ‘डी’ नसलेले शब्द त्याने मुद्दाम निवडले होते की काय कोण जाणे. माय फादर हिट मी, असं त्याने लिहिलं. ‘फादर’चं स्पेलिंग बरोबर होतं.

जीनत त्याच्या उजवीकडे बसली. "आता नीट ऐक. ‘हिट’ला शेवटी ‘एस’ लावला तर अर्थ होतो, बाप मारतो. अजून मारतो, नेहमी मारतो. नाही लावला तर, मारलं. होऊन गेलं. तुला कुठलं लिहायचंय?"

शंभूने पेन उचललं, ‘हिट’च्या पुढे नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

"दवाखान्यातनं आल्यापास्नं न्हाई मारलं," तो म्हणाला. "पण पट्टा खुंटीलाच हाय."

"मग?"

"आत्ता नको लावायला," तो म्हणाला आणि त्याने पेन खाली ठेवलं.

पट्टा एकदा निघाला. शंभू दहावीत गेल्यावर, पावसाळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं काहीतरी बिघडलं म्हणून. हे त्याने जीनतला नंतर सांगितलं. बापाने हात उगारला आणि शंभूने ते मनगट हवेतच धरलं. तोवर त्याची ताकद बापाच्या बरोबरीला आली होती. वाकड्या बोटांचा तो हात त्याने मागे पिळत नेला, इतका की बाप पायरीवर वाकला. "अजून जरासा पिळला असता तर मोडला असता, मॅडम," तो म्हणाला. "मला पिळू वाटत हुतं." मग त्याने सोडला. लालासाहेब मनगट चोळत तिथेच बसले. आई दारातून आत गेली. संध्याकाळी दोघांनी मिळून स्टार्टर उघडला. हे ऐकून आनंद मानायचा की भ्यायचं, ते जीनतला ठरवता आलं नाही. तिने एवढंच विचारलं की स्टार्टर झाला का. झाला, तो म्हणाला.

दहावीला तो मार्चमध्ये इंग्रजीत नापास झाला. जुलैच्या फेरपरीक्षेत पास झाला, अगदी काठावर. साताऱ्याला आयटीआयमध्ये त्याला फिटरला प्रवेश मिळाला. लालासाहेब स्वतः त्याला मोटारसायकलवरून पोचवायला गेले. जाताना शाळेच्या फाटकाशी थांबले. एक डोळा अर्धवट मिटलेला, जबडा एका बाजूला जरा सरकलेला. ते गाडीवरून उतरले नाहीत.

"फौजेत न्हाई गेला," ते म्हणाले.

"नाही गेला," जीनत म्हणाली.

"बरं झालं का वंगाळ, तुमीच सांगा."

तिने शंभूकडे पाहिलं. तो मागच्या सीटवर पत्र्याची पेटी धरून बसला होता आणि फाटकावरची पाटी वाचत होता, हळूहळू, ओठ हलवत. "मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. लालासाहेबांनी मान हलवली आणि किक मारली.

साळूबाई कामाला होती ती भट्टी अंकिताची नववी संपली त्या उन्हाळ्यातच बंद पडली होती आणि ती अंकिताला घेऊन जतकडे परत गेली होती. तिकडे ती शाळेत जाते की नाही, याची जीनतने पुष्कळ चौकशी केली, पत्ता लागला नाही.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवी नववी ‘ड’ आली. पहिल्याच दिवशी, हजेरी संपायच्या आत, शेवटच्या बाकावर एका पोराने दुसऱ्याचं डोकं भिंतीवर आपटलं. जीनत उठली, मध्ये जाऊन उभी राहिली आणि तिने दोघांची नावं विचारली.